जन्माच्या आठवड्यातलं साप्ताहिक: जुने वृत्तअंक शोधायचे, जपायचे आणि भेट द्यायचे कसे

साठी, पंचाहत्तरी, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असं काही आलं की शाल, श्रीफळ आणि चांदीचं निरांजन ठरलेलं. त्याऐवजी त्या माणसाच्या जन्माच्या आठवड्यात निघालेलं खरंखुरं साप्ताहिक हातात ठेवून बघा. पाहुणे जेवून निघाले तरी सत्कारमूर्ती जुन्या जाहिराती वाचत बसलेली असते. खर्च बेताचा, खटपट मात्र बरीच. ती नेमकी कुठे करायची हे ठाऊक नसलं की एक तर ऑनलाइन दिसेल त्या किमतीला गाजलेलं मुखपृष्ठ घेतलं जातं, नाही तर रद्दीतून हौसेनं आणलेला अंक पहिल्याच पावसाळ्यात कसरीच्या तोंडी जातो.

दिवाळी अंक आणि सिनेमासिकं यांचा संसार वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही. हा लेख बातम्या-घडामोडींच्या साप्ताहिकांचा आणि पाक्षिकांचा.

पायरी 1: माणूस ठरवा, मुखपृष्ठ नंतर

नवखा संग्राहक गाजलेल्या घटनेमागे धावतो. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाचा 29 नोव्हेंबर 1963 चा अंक घ्या. केनेडींची हत्या 22 तारखेला झाली, छापायला घेतलेलं फुटबॉलपटूचं मुखपृष्ठ मागे घेऊन केनेडींचं छायाचित्र लावलं गेलं आणि एरवी लाल असणारी ‘लाइफ’ची पाटी काळी झाली. अंक ऐतिहासिक आहेच. पण तो ऐतिहासिक आहे हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे घराघरांत जपला गेला आणि आजही ढिगानं मिळतो. आपल्याकडे इंदिरा गांधींच्या हत्येनंतरचे किंवा 1983 च्या विश्वचषकानंतरचे अंक असेच कपाटांतून राहिले आहेत. विक्रेता ‘एकदम रेअर’ म्हणाला तरी घाई करू नका.

उलट ज्या आठवड्यात काहीच घडलं नाही, तो अंक दोन-तीन महिन्यांत किलोच्या भावानं गेला. म्हणून साधासुधा अंक शोधायला जास्त घाम गाळावा लागतो, आणि भेट म्हणून तोच जास्त रंगतो, कारण तो जगाचा नसतो, त्या एका माणसाचा असतो.

तेव्हा आधी कागदावर त्या व्यक्तीची माहिती लिहून काढा: जन्मतारीख, गाव, नोकरी, वाचायची भाषा, घरात तेव्हा काय येत असे, पहिली गाडी कोणती. जन्मतारखेलाच अडकून बसायचं कारण नाही. रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांना जन्माच्या आठवड्यापेक्षा मे 1974 च्या संपातला अंक जवळचा वाटेल. 8 ते 27 मे या काळात देशभरातले लाखो रेल्वे कामगार संपावर होते, त्यात ते स्वतः कुठे उभे होते हे ते अंक उघडताच सांगायला लागतील. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठेत राहणाऱ्या आजींना त्या महिन्यातलं काहीही चालेल. गोव्यातल्या माणसाला डिसेंबर 1961 च्या मुक्तीनंतरचे अंक. आयुष्यभर चेतक चालवलेल्या माणसाला स्कूटरची पानभर जाहिरात असलेला कुठलाही बरा अंक, मग आत बातमी कसलीही असो.

याची उलटी बाजूही बघून ठेवा. 30 सप्टेंबर 1993 च्या आसपास लातूर-उस्मानाबादकडे जन्मलेल्या मुलीला तिच्या जन्माच्या आठवड्यातला अंक कौतुकानं दिलात, तर आत किल्लारीच्या भूकंपाची छायाचित्रं निघतील. तिच्या घरचं कोणी त्यात गेलेलं असू शकतं. भेट द्यायचा अंक आधी स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळायचा, हा नियम मी कधी मोडत नाही.

पायरी 2: त्या काळात काय निघत होतं ते बघा

इथे बरेच जण फसतात. 1972 साली जन्मलेल्या नवऱ्यासाठी बायको ‘इंडिया टुडे’ शोधत बसते, आणि ‘इंडिया टुडे’ सुरूच झालं डिसेंबर 1975 मध्ये, ऐन आणीबाणीत. ते 1997 पर्यंत पाक्षिक होतं, म्हणजे त्या आधीच्या तारखांना ‘आठवड्याचा अंक’ मिळणार नाही, पंधरवड्याचा मिळेल. ‘द वीक’ 1982 चं, ‘फ्रंटलाइन’ 1984 चं, ‘आउटलुक’ 1995 चं.

त्याआधीच्या तारखांसाठी पहिलं नाव ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’. 1993 मध्ये ते बंद पडलं, पण त्याआधीची कित्येक दशकं मध्यमवर्गीय घरात आणि दंतवैद्याच्या बाकावर ते असायचंच. खुशवंत सिंगांच्या संपादकपदाच्या काळातले, म्हणजे 1969 ते 1978 चे अंक सर्वांत सहज सापडतात, कारण तेव्हा खप जोरात होता. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं त्यात असायची, त्यामुळे गोवेकरांसाठी जुने ‘वीकली’ ही आयती भेट. हिंदी वाचणाऱ्या घरांसाठी धर्मवीर भारतींच्या काळातला ‘धर्मयुग’ आहे, नाही तर 1965 पासूनचा ‘दिनमान’.

मराठीत साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 ला सुरू केलेली ‘साधना’ आजही चालू आहे. श्री. ग. माजगावकरांचा ‘माणूस’ 1961 चा. बाळासाहेब ठाकरेंचा ‘मार्मिक’ 13 ऑगस्ट 1960 ला निघाला, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर साडेतीन महिन्यांत. ‘लोकप्रभा’ सत्तरच्या दशकातली. खेळवेड्या माणसासाठी ‘स्पोर्टस्टार’ 1978 पासून.

मराठी साप्ताहिकांचा कागद बहुतेक वेळा साधा, वर्तमानपत्री. दिसायला ते ‘वीकली’इतके देखणे नाहीत. पण ज्यांच्या घरी ‘माणूस’ येत होता त्यांना ‘माणूस’च द्या. चकचकीत म्हणून इंग्रजी अंक देण्यात अर्थ नाही.

पायरी 3: अंकावरची तारीख आणि घटनेची तारीख

संपूर्ण छंदातली सर्वांत जास्त निराशा इथे पदरी पडते, म्हणून जरा थांबून सांगतो.

अंकावर छापलेली तारीख ही अंक छापल्याची तारीख नसते. साप्ताहिक छपाईला काही दिवस आधी जातं आणि रंगीत पानं तर त्याच्याही आधी तयार होतात. ‘टाइम’सारख्या अमेरिकी साप्ताहिकांवर स्टॉलवर येण्याच्या दिवसापेक्षा पुढची तारीख असते. परिणाम काय होतो बघा. पोखरणचा पहिला अणुस्फोट 18 मे 1974 ला झाला, तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशीची, रविवार 19 मेची तारीख असलेल्या साप्ताहिकात तो सापडणं शक्यच नाही. तो पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या अंकात बघायचा.

‘लाइफ’चंच आणखी एक उदाहरण. माणूस चंद्रावर उतरला 20 जुलै 1969 ला आणि अंतराळवीर 24 तारखेला परतलेही. पण 25 जुलैची तारीख असलेल्या अंकाचं मुखपृष्ठ आहे ते चंद्राकडे निघतानाचं! चंद्रावरची छायाचित्रं पाहायची तर ऑगस्टचा अंक घ्यावा लागतो. ‘मून लँडिंगचा अंक’ म्हणून हे सगळेच विकले जातात.

माझी पद्धत सोपी आहे. घटनेचा अंक हवा असेल तर साप्ताहिकाच्या बाबतीत घटनेनंतरचे तीन अंक आणि पाक्षिकाच्या बाबतीत दोन अंक तपासायचे. जन्माच्या आठवड्याचा अंक हवा असेल तर मात्र छापलेल्या तारखेलाच धरून चालायचं, कारण भेट घेणारा माणूस पहिल्यांदा ती तारीखच बघतो.

विकत घेण्याआधी मजकूर तपासता आला तर उत्तम. ‘लाइफ’चे 1936 ते 1972 चे साप्ताहिक अंक गूगल बुक्सवर अख्खे चाळता येतात. ‘साधना’चे जुने अंक डिजिटल स्वरूपात वाचायला मिळतात. बाकीच्यांसाठी जुनी ग्रंथालयं गाठा: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं, पुणे मराठी ग्रंथालय 1911 चं. हवं ते साप्ताहिक, साल आणि महिना चिठ्ठीवर लिहून न्या. ‘काहीतरी जुनं दाखवा’ म्हटलं की कोणीच काही दाखवत नाही.

पायरी 4: शोधायचं कुठे

पहिलं ठिकाण तुमच्या ओळखीचा रद्दीवाला. त्याला नुसतं ‘जुनी मासिकं आली तर ठेवा’ सांगून चालत नाही, त्याच्या लेखी मागच्या वर्षीचं तेही जुनंच. एखादा नमुन्याचा अंक मोबाइलवर दाखवा, फोन नंबर लिहून द्या आणि रद्दीपेक्षा चांगला भाव देईन हे स्वच्छ सांगा. जुने वाडे पुनर्विकासाला जातात तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात. तुमची वेळ तीच.

पुण्यात बुधवार आणि रविवारचा जुना बाजार, मुंबईत फोर्टातले आणि किंग्ज सर्कलचे फुटपाथवरचे पुस्तकवाले, आणि चोर बाजारातली मटन स्ट्रीट. चोर बाजारात पहिला भाव ऐकून दचकायचं नाही. दिल्लीला गेलात तर दर्यागंजचा रविवारचा पुस्तक बाजार 2019 पासून महिला हाटमध्ये भरतो. कोलकात्यात कॉलेज स्ट्रीट.

बंद पडलेलं फिरतं वाचनालय म्हणजे खजिना. मात्र त्या अंकांवर शिक्के असतात, वर खाकी कव्हर शिवलेलं असतं आणि मुखपृष्ठाला भोकं पडलेली असतात. मला वाचनालयाचा शिक्का खुपत नाही. उलट त्याच गावच्या माणसाला द्यायचा असेल तर शिक्का हवाच. बांधीव खंडांपासून मात्र सावध राहा. बाइंडरने कडा कापलेल्या असतात, पुष्कळदा मुखपृष्ठंच काढून टाकलेली असतात. वाचायला खंड छान, पण त्यातून एक अंक सोडवून भेट देण्यात मजा नाही.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून पाच फोटो मागवा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा, अनुक्रमणिका आणि मधलं उघडलेलं पान. तारखेच्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो आणखी एक. हे द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका. परदेशी साप्ताहिकांच्या बाबतीत आवृत्तीही विचारा. ‘लाइफ’ची ‘लाइफ इंटरनॅशनल’ नावाची वेगळी पाक्षिक आवृत्ती निघत असे, ‘टाइम’च्या आशियाई आवृत्तीत जाहिराती वेगळ्या आणि कधी मुखपृष्ठही वेगळं. तिकडच्या संकेतस्थळावर बघितलेला अंक आणि भारतात विकला गेलेला अंक एकच असेल असं नाही.

पायरी 5: अंक हातात घेतल्यावर

स्टॉलवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत पुढचं बघून होतं. अंक दोन्ही हातांवर आडवा घ्या, कणा धरून लटकावू नका. मुखपृष्ठ सावकाश उघडा आणि पिनांकडे बघा. गंजलेल्या पिनेभोवती तांबूस वर्तुळ असतं, तिथला कागद बोटानं हलकेच दाबला की भुगा सुटतो. असं असेल तर मधली पानं निसटलेली असण्याची शक्यता धरा. मग थेट मधोमध उघडा. अंकातून सर्वांत आधी गायब होतं ते मधलं जोडपान. ‘मार्मिक’मध्ये तिथे ‘रविवारची जत्रा’ ही व्यंगचित्रं असायची, ‘स्पोर्टस्टार’मध्ये खेळाडूचं पोस्टर, जे त्या काळच्या प्रत्येक पोराच्या भिंतीवर गेलं. त्यानंतर पृष्ठक्रमांक मोजा. ‘वीकली’त फँटमची चित्रकथा यायची, ती पोरं कापून ठेवत, मागच्या पानावर काय होतं याची त्यांना फिकीर नव्हती. शब्दकोडं आणि पाककृतींची पानंही बघा. कोडं पेन्सिलनं सोडवलेलं असेल तर मला आवडतं, बॉलपेननं मिशा काढलेला पंतप्रधान असेल तर भाव पाडून मागतो.

शेवटी वास घ्या. जुन्या कागदाचा गोडसर वास चालतो. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास आला तर बुरशी आहे, मग मुखपृष्ठ कितीही देखणं असो, जागेवर ठेवा. तो एक अंक घरातल्या इतरांना बाधेल. पानांच्या कडेला बारीक छिद्रं आणि पिठासारखी पूड दिसली तर किडा अजून आत असू शकतो.

नक्कल ओळखणंही इथेच आलं. ‘टाइम’नं 1930 सालचे ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून गांधीजींना निवडलं, तो अंक 5 जानेवारी 1931 चा. त्याचं मुखपृष्ठ आज कुठेही छापून मिळतं, फ्रेमसकट. ते शोभेला लावा, पण अंकाच्या भावानं घेऊ नका. नव्वद वर्षं जुना म्हणून सांगितलेला अंक पांढराशुभ्र, पिना चकचकीत आणि मलपृष्ठ कोरं असेल तर काय समजायचं ते समजा. वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटलेली असली तर ती खरेपणाची चांगली खूण आहे. ती खरवडायला जाऊ नका, खालचं चित्र सोलून निघेल.

पायरी 6: घरी आणल्यावर

वर्तमानपत्री कागद लाकडाच्या भरडलेल्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन उजेड आणि हवा लागली की पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं आणि तो ठिसूळ होतो. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं. म्हणून आपल्याकडची ‘जरा ऊन दाखवा’ ही सवय धान्याला ठीक, अंकांना नाही. आणलेला अंक सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर दोन दिवस उघडा ठेवा आणि मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. ओला कपडा लावायचा नाही.

किडीची शंका असेल तर अंक जाड पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाही तर हवेतली ओल कागदावर धरते. बर्फ साचणाऱ्या साध्या फ्रीजच्या वरच्या कप्प्याचा यासाठी उपयोग नाही.

चिकटपट्टी आणि लॅमिनेशन हे दोन शत्रू. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग पडतो आणि पट्टी मात्र गळून जाते. लॅमिनेशन केलेला अंक परत सुटत नाही. फाटलेलं पान जोडायचंच असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि मैद्याची ताजी, पातळ खळ वापरा, आणि आधी कुठल्या तरी फालतू पानावर हात बसवून घ्या. गंजक्या पिना उपटू नका. मधल्या पानाच्या बाजूनं पिनेचे पाय बोथट पट्टीनं उघडा, मागून अलगद काढा आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्यानं टाका घाला.

ठेवायला पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलिनची पारदर्शक पिशवी घ्या. वास मारणारं मऊ पीव्हीसीचं कव्हर नको, त्याला शाई चिकटते. आत आधाराला आम्लरहित पुठ्ठा. पिशव्या मागवण्याआधी अंक पट्टीनं मोजा: ‘लाइफ’ साधारण साडेदहा बाय चौदा इंचांचा, जुना ‘वीकली’ही ऐसपैस, नेहमीच्या मासिकांच्या पिशवीत ते शिरत नाहीत. अंक आडवे ठेवा, एकावर एक फार नकोत. भिंतीला टेकलेलं कपाट, माळा आणि पलंगाखालची पेटी या तिन्ही जागा पावसाळ्यात वाईट. मधल्या खोलीतलं, भिंतीपासून चार बोटं सुटं असलेलं कपाट चांगलं. कोकणात आणि मुंबईत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीच्या सुमाराला त्या बदला. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर कडकडीत वाळलेला, कापडी पुरचुंडीत.

अंक पाण्यात भिजला तर गुळगुळीत आर्ट पेपर वाळताना एकमेकांना असा चिकटतो की पुन्हा सुटत नाही. म्हणून वाळायच्या आतच पानापानात बटर पेपर घाला. ते जमत नसेल तर तसाच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि सवडीनं बघा.

पायरी 7: भेट देताना

फ्रेम करायची हौस सगळ्यांनाच असते. मूळ अंक फ्रेममध्ये घातला की दोन वर्षांत मुखपृष्ठ विटतं, आणि आतली पानं कायमची बंद होतात. मुखपृष्ठ स्कॅन करून प्रत फ्रेम करा आणि मूळ अंक पिशवीत घालून सोबत द्या. स्कॅनरवर अंक दाबून सपाट करू नका, कणा मोडतो. वरून मोबाइलनं काढलेला फोटो पुरेसा होतो.

अंकावर ‘चि. अमुकला सप्रेम’ लिहू नका. वेगळं कार्ड लिहा आणि त्यात तीन-चार पानांचे क्रमांक द्या: ‘पान 14 वर तुमच्या गिरणीचा फोटो आहे, पान 31 वर तुम्ही वापरायचा तेच घड्याळ.’ नुसता अंक दिला तर लोक मुखपृष्ठ बघून ‘वा’ म्हणतात आणि बाजूला ठेवतात, पानांचे क्रमांक दिले की उघडतात. वृद्ध माणसाला देत असाल तर बारीक टाइपातल्या दोन-तीन पानांच्या मोठ्या प्रती काढून जोडा.

चंदेरी वेष्टनाऐवजी सुती कापडात किंवा साध्या पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये बांधा. परदेशातल्या भावंडांना पाठवायचा असेल तर पिशवीबंद अंक अंकापेक्षा सगळीकडून इंचभर मोठ्या दोन कडक पुठ्ठ्यांत ठेवा, चारही बाजूंना पट्टी लावा आणि त्यावर पुन्हा प्लास्टिक. गुंडाळी करून नळकांड्यात कधीही नाही, जुना कागद उलगडताना तडकतो. कोणी प्रत्यक्ष जात असेल तर हातातल्या बॅगेत, लॅपटॉपच्या कप्प्यात द्या. मोठ्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी ठेवलेल्या अंकाला तेलाचा डाग पडला की तो कशानंही जात नाही.